मामांचा कान आणि माझ्या गाडीचा पत्रा

वाजणारी वस्तू थांबवण्यापेक्षा ती का वाजते हे कळण्यात ज्याला जास्त आनंद होतो, असा माणूस मी माझ्या बावन्न वर्षांत एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. विधान मोठे आहे याची मला कल्पना आहे. मी जमीन मोजणीच्या कामात आहे. आमच्याकडे वीतभर चूक झाली तर दोन सख्ख्या भावांचे बोलणे बंद होते, त्यामुळे मोठी विधाने करायची सवय मला नाही. पण मामांना मी सव्वीस वर्षे जवळून पाहतो आहे, आणि एवढ्या काळात त्यांनी कुठलाही आवाज, तो कोण, कुठला आणि कशापायी आला याची चौकशी केल्याशिवाय घरातून जाऊ दिल्याचे मला आठवत नाही.

मामा एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि पिंपळगाव राजाला राहतात. चौतीस वर्षे ते खामगावच्या एका जिनिंग कारखान्यात फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी चोवीस यंत्रे तिथे एका शेडमध्ये एकदम चालत. त्या कल्लोळात शेजारच्याशी बोलायचे तर त्याच्या कानाला तोंड लावावे लागे, आणि मामा म्हणे फाटकातूनच, सायकलवरून उतरायच्या आधी, सांगत, "अकरा नंबर कोरडी चालून राह्यली, तेल द्या तिले." ही कथा मी लग्नानंतर पहिल्या वर्षातच इतक्या वेळा ऐकली की शेवटी त्यांच्या एका जुन्या सोबत्याला गाठून खात्री करून घेतली. तो म्हणाला, चारपैकी तीन वेळा बरोबर निघायचे. एकदा मात्र अकरा सांगितली आणि बारा निघाली. मी हा हिशेब मामांना प्रामाणिकपणे सांगितला. ते म्हणाले, "बाराची पुली अकराच्या अंगाले होती. आवाज तिकून येत होता. म्या आवाज कुठी होता ते सांगतलं, दुखनं कुठी होतं ते नाई."

हा कान काय चीज आहे याचा पहिला अनुभव मला माझ्या स्वतःच्या लग्नात आला. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. मुहूर्त बारा वाजून पस्तीस मिनिटांचा होता. अंतरपाट धरलेला, भटजींचा आवाज चढलेला, पलीकडे नवरी नाही, कारण नवरीचा मामा नाही. शोधाशोध झाली तेव्हा मामा फेटा बांधलेल्या अवस्थेत मांडवामागच्या जनरेटरजवळ उकिडवे बसलेले सापडले. हातात लांब पेचकस, त्याचे टोक जनरेटरला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. त्यांना ओढून आणावे लागले. अक्षता पडल्या तेव्हा माझ्या घड्याळात बारा एकेचाळीस झाले होते. नवरीला माझ्यासमोर उभे करताना ते आशीर्वाद देतील असे मला वाटले होते, ते हळूच म्हणाले, "जवाईबुवा, हे जनरेटर पंगतीच्या टायमाले बंद पडते पाहा." दुसऱ्या पंगतीला ते बंद पडले. त्या दिवशी मला सासरचा एक माणूस मनापासून आवडला.

मामांच्या मते आवाज म्हणजे नुसता आवाज नसतो. खडखड वेगळी, खरखर वेगळी. किरकिर ही कोरडेपणाची, घरघर ही झिजेची. आपण पाहुणे म्हणून गेलो आणि सहज म्हणालो की पंखा जरा वाजतोय, तर मामा ताटावरून उठत नाहीत, पण घास थांबतो. "वाजते म्हंजे कसा वाजते? करून दाखवा." आणि मग भल्या भल्या माणसांना त्यांच्यासमोर पंख्याची नक्कल करावी लागते. एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी मामांच्या ओसरीवर विहिरीच्या मोटरीसारखे घुमताना पाहिले आहे. मामांनी त्यांना दोनदा थांबवून "शेवटी झटका होता का, का सरळ गेला?" असे विचारले आणि मुख्याध्यापकांनी शेवटचा भाग पुन्हा म्हणून दाखवला.

दुरुस्तीची त्यांना घाई कधीच नसते, आणि याचा सर्वांत जास्त ताप मामींना झाला आहे. एकदा मिक्सर अधूनमधून किंचाळू लागला. मामांनी तो मांडीवर घेतला आणि नेमका तेव्हाच तो गुपचूप चालायला लागला. दुसऱ्या कुणी देवाचे आभार मानून चटणी वाटली असती. मामांनी मिक्सर कपाटावर ठेवला आणि पुन्हा किंचाळल्याशिवाय त्याला कामाला लावायचे नाही असे ठरवले. दिवसातून तीनदा रिकामा चालवून पाहायचा, तो गप्प, की परत कपाटावर. नऊ दिवस मामींनी पाट्यावर वाटण केले. दहाव्या दिवशी मिक्सर किंचाळला तेव्हा मामांना झालेला आनंद पाहून मामी म्हणाल्या होत्या, "नातू झाला तवा इतके हासले नाई हे."

तरीही चार गावांचे लोक मामांकडे येतात. कुणी शेतातला पंप चालू करून त्याच्याशेजारी मोबाइल धरतो, कुणी ट्रॅक्टरच दारात आणून उभा करतो. मामा ऐकतात, सांगतात, आणि लोक त्या शब्दावर यंत्र उघडतात किंवा उघडत नाहीत. मामा आता नोकरीत नाहीत, शेती भावाकडे आहे, मुलगा परगावी. हा कान एवढेच त्यांचे रोजचे काम, आणि मान म्हणाल तर तोही त्यातलाच. गावात त्यांची ओळख विचारली तर लोक आडनाव सांगत नाहीत, कानाला हात लावून दाखवतात.

अशा माणसाकडे मी यंदाच्या अधिक महिन्यात एक वाजणारी गाडी घेऊन गेलो.

गाडी माझी साधी, लहान, आठ वर्षांची आहे. सकाळी सुरू केल्यावर पहिली सात-आठ मिनिटे, आणि तीही इंजिनाचे फेरे अठराशे ते बावीसशेच्या दरम्यान असतानाच, तिच्या पोटाखालून झिर्रर्र असा आवाज यायचा. ताटलीत चमचा ठेवून ताटली कुणीतरी थरथरत्या हातात धरावी तसा. गाडी तापली की आवाज बंद. मी अकरा दिवस वहीत नोंद ठेवली: वेळ, फेरे, आवाज आहे की नाही, असल्यास किती मिनिटे. बायको म्हणाली, आवाजाची पत्रिका तर तयार झाली, आता एखादे स्थळ पाहा. बुलढाण्यातल्या एका गॅरेजवाल्याला दाखवायला नेली तर तिथे पोचेपर्यंत गाडी तापलेली, त्यामुळे ती वाजली नाही. तो म्हणाला, खालचा पत्राबित्रा असेल काहीतरी, जो हलेल तो ओढून फेकून देतो. न पाहता फेकायची ही तयारी मला पटली नाही. तेवढ्यात मामांचा निरोप आला, की धोंड्याला या.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायची आमच्याकडे रीत आहे. माझे सासू-सासरे आता नाहीत. ते गेल्यावर पहिल्याच अधिकात मामांनी, काही न बोलता, तो मान स्वतःकडे घेतला. त्यामुळे त्यांच्या घरी मी भाचीचा नवरा नसतो, पुरता जावई असतो. पाट, रांगोळी, नवे कापड, सगळे यथासांग.

राजूर घाट उतरून आम्ही पोचलो तेव्हा अकरा वीस झाले होते. जेवताना मामांच्या शेजारी ठेवलेला मोबाइल वाजला. मामा धोंड्यावर तूप ओतत राहिले. मामींनी स्वयंपाकघरातून येऊन फोन उचलला, बोलल्या, आणि मामांच्या समोर येऊन सांगितले की धामणगाव बढेचे डाळमिलवाले उद्या सकाळी नऊ वाजता गाडी पाठवतात. मिलचा मोठा पट्टा ज्या चाकावर फिरतो त्याचे बेअरिंग आवाज करते आहे, आत्ता उघडायचे की हंगाम काढायचा हे मामांनी ऐकून सांगावे. मामांनी मान हलवली. मोबाइल हातभर अंतरावर असून त्यांनी तो का उचलला नाही, हे माझ्या लक्षात आले, पण मी ते तुपाच्या खात्यात टाकले.

दोन चाळीसला गाडी थंड झाली आणि खरी अडचण उभी राहिली. गाडीखाली जायचे कोणी? धोंड्याला आलेला जावई नव्या सदऱ्यात मातीत लोळला तर मामांची चार घरांत शोभा. एकाहत्तर वर्षांचा मामेसासरा खाली आणि जावई बाजेवर, तर माझी. ते म्हणाले, तुम्ही बसा. मी म्हणालो, तुम्ही बसा. त्यांनी ताडपत्री अंथरली, मी त्यांच्या आधी गुडघे टेकले, त्यांनी माझा दंड धरला. मामी दारातून हे पाहत होत्या. "जवाईले धोंड्याले बलावलं का गॅरेजले?" त्यांनी भाचीला विचारले. शेवटी सोळा मिनिटांच्या आग्रहानंतर असे ठरले की गाडी जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे द्यायचे, चाकांना विटा लावायच्या, आणि दोघांनी दोन बाजूंनी फक्त डोकी आत घालायची. पाय बाहेर राहिले तर कुणाचाच अपमान होत नाही, असे मामांचे म्हणणे पडले. बायको गाडीत बसली. फेरे दोन हजारांवर धरून ठेवायचे काम तिचे.

तिने गाडी सुरू केली आणि आवाज लगेच आला. इतक्या जवळून तो माझ्या दातांत शिरत होता. मामांनी पेचकस कानाला लावला, टोक इथे टेकवले, तिथे टेकवले, डोळे मिटले. चार मिनिटे गेली. मग त्यांनी मागच्या बंपरच्या आतल्या एका पट्टीकडे बोट दाखवले. आवाज माझ्या नाकासमोरून येत होता आणि पट्टी मागे, हातभर लांब होती. पण समोर मामा होते. मी पट्टी घट्ट बांधली. तोवर गाडी तापून गप्प झाली आणि पुन्हा थंड व्हायची वाट पाहणे आले.

साडेचारला दुसरी खेप झाली. बायकोने गाडी सुरू केली. झिर्रर्र. मामा पेचकस धरून ऐकत राहिले, मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

"गेला," ते म्हणाले.

आवाज जिथल्या तिथे होता. मी डोके बाहेर काढले तेव्हा गाडीच्या खिडकीतून बायकोने माझ्याकडे पाहिले. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. तिथे मामी उभ्या होत्या, हातात झारा, आणि मला दिसेल अशी त्यांनी मान हलवली: नका सांगू. मग मला मोबाइल आठवला, आणि हेही कळले की मामींना हे आजच कळलेले नाही.

मामा गाडीखालून निघून कपडे झटकत बसले. माझी वही त्यांना ठाऊक होती. तिच्यावर त्यांचा जीवच जडला होता, कारण आवाजाची इतकी शिस्तशीर नोंद त्यांच्या आयुष्यात कुणी ठेवली नव्हती. ते म्हणाले, "लेहा जवाईबुवा वहीत. चार पस्तीस. आवाज नाई."

मी पेन काढला. वेळ लिहिली. फेरे लिहिले. तिसरा रकाना आला आणि हात थांबला. सव्वीस वर्षांत या माणसाने मला मान सोडून दुसरे काही दिलेले नाही. एक शब्द चुकीचा लिहायचा होता, कुणाच्या जमिनीची हद्द हलणार नव्हती. पण उद्या सकाळी नऊला हाच कान डाळमिलच्या चाकाला लागणार होता. मामांनी "चालू द्या" म्हटले तर ते चालू देणार होते, आणि फिरत्या पट्ट्याशेजारी कुणीतरी माणूस उभा राहणार होता. मी झाऱ्याकडे न बघता वहीकडे बघत राहिलो.

"काऊन थांबले?"

"मामा," मी म्हणालो, "अजून वाजतो आहे."

बायकोने गाडी बंद केली नव्हती. तो आवाज आमच्या दोघांच्या मध्ये चालू होता आणि आमच्यापैकी एकालाच येत होता. मामा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मला वाटले ते रागावतील, किंवा हसून नेतील, किंवा उठून आत जातील. त्यांनी बायकोकडे पाहिले, तिने मान खाली घातली. मामींकडे पाहिले, मामींनी झाऱ्याकडे पाहिले. मग सव्वीस वर्षांत मी शेकडो वेळा ऐकलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"कसा? करून दाखवा."

मी करून दाखवला. माझ्या नोकरीच्या, वयाच्या आणि नव्या सदऱ्याच्या विरुद्ध जाऊन मी अंगणात बसून "झिर्रर्र" केले. त्यांनी दोनदा करायला लावले. शेवटी झटका आहे का विचारले. नाही, म्हणालो. मग ते पेचकस तिथेच टाकून उठले, लाकडांच्या ढिगातून कडुलिंबाची एक सरळ काडी घेतली, पालथे पडले आणि आता पायांचीही पर्वा न करता कमरेपर्यंत गाडीखाली गेले. नळी तापत होती, म्हणून हात न लावता काडीने ते एकेक भाग दाबत गेले आणि काडीच्या दुसऱ्या टोकावर बोटे ठेवून थांबत गेले. सायलेन्सरच्या नळीभोवती, तिची आच आजूबाजूला लागू नये म्हणून एक पातळ पत्रा बसवलेला असतो. काडी त्याच्यावर टेकली आणि माझ्या कानातला आवाज कापल्यासारखा थांबला.

"थांबला," मी म्हणालो.

त्यांनी काडी उचलली. "वाजतो," मी म्हणालो. टेकवली. थांबला. असे त्यांनी पाच वेळा केले. खात्रीला दोन पुरे होते, पण उरलेले तीन मी त्यांना मोजू दिले.

पत्रा हात लावण्याइतका थंड व्हायला पाऊण तास लागणार होता. तो पाऊण तास मी विसरणार नाही. मला वाटले होते, आता घरात शांतता पसरेल. मामांनी मामींना समोर बसवले आणि चौकशी सुरू केली, अगदी ट्रॅक्टरवाल्याची करतात तशी. पहिले काय गेले? मामी सांगू लागल्या. मागच्या वर्षीच्या दिवाळीच्या आधीपासून कुकरची शिट्टी. मग मोबाइल. मग दाराची कडी.

"अन् तू सांगतलं नाई मले?"

"काय सांगू? लोकं दुरून दुरून येते, तुमच्या कानावर गाड्या उघडते. म्या म्हटलं, पंप अन् ट्रॅक्टर आयकू येते ना, चालून राह्यलं ना, चालू द्या. कुकर म्या मोजतो."

मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा, बारीक आवाज पहिले गेले. पंप जाडा बोलते, ट्रॅक्टर जाडा बोलते. म्हंजे कान बंद नाई पडला, एका बाजून घासला." या शोधाने त्यांचे डोळे चमकले. बायकोच्या मोबाइलवर वेगवेगळ्या पट्टीचा सूर काढायची सोय आहे असे तिने सांगितल्यावर तर ते बाजेवर सरसावून बसले. आम्ही रीतसर मोजणी केली. मामांनी भिंतीकडे तोंड करायचे आणि ऐकू आले की बोट वर करायचे. सेकंदाला दोन हजार कंपनांच्या सुरापर्यंत बोट पटकन वर गेले. अडीच हजाराला जरा विचार करून. तीन हजाराला त्यांनी बोट अर्धे उचलले आणि परत ठेवले. पुढे नाही. मी आकडे वहीत, गाडीच्या नोंदीखालीच लिहिले. मग त्यांनी मलाही भिंतीकडे तोंड करायला लावले. मी अकरा हजाराला संपलो. बायको तेरा हजारांच्या पुढे गेली. मामांना माझ्या अकरा हजारांचे फार बरे वाटले. "तुमचंही घासनं चालू झालं हो जवाईबुवा. तुमाले मालूम नाई, बस."

एवढ्या सगळ्यात एकदाच, मामी चहा ठेवायला आत गेल्यावर, त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "म्या आतापर्यंत किती लोकाइले चुकीचं सांगतलं असन?" माझ्याकडे आकडा नव्हता. मी तसे सांगितले. त्यांनी मान हलवली आणि मामींना हाक मारून धामणगाव बढेला फोन लावायला सांगितला. मिलवाल्यांना निरोप असा होता, की मामा उद्या नऊला येतात, पण मिलवर ज्याचा कान सर्वांत तिखट आहे त्या माणसाला शेजारी उभा करा. कान त्याचा, हात माझा. पलीकडून काहीतरी विचारले गेले असावे. मामींनी फोनवर हात ठेवून कारण काय सांगू म्हणून विचारले. "जे हाये ते सांग," मामा म्हणाले. मामींनी सांगितले. फोन ठेवल्यावर त्या पदराने डोळे पुसत होत्या, आणि मामा बाजेवरून मला विचारत होते की काडी कडुलिंबाची बरी की सागाची.

पत्रा थंड झाला. बोल्टाभोवतीचे भोक गंजून मोठे झाले होते, त्यामुळे बोल्ट जागेवर असून पत्रा मोकळा होता. मी म्हणालो, गॅरेजवाला हा काढून फेकणार होता. मामांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच फेकणार होतो. कापसाच्या शेडमध्ये आयुष्य काढलेला माणूस. आग कशी लागते हे त्यांना पाठ होते. उन्हाळ्यात शेताच्या कडेला गाडी उभी करता, खाली वाळलेले गवत, कुटार, आणि वर लाल तापलेली नळी. "पत्रा काऊन लावला हे समजल्याबिगर कोनताच पत्रा काढाचा नाई." मोठ्या भोकावर बसेल असा मोठा वायसर त्यांच्या डब्यात होता. तो घातला, बोल्ट कसला. शिवाय पाण्याच्या पायपावर लावतात तशी स्टीलची क्लिप पत्र्याभोवती गुंडाळून आवळली. काम एकोणीस मिनिटांचे निघाले. त्यातली चार मिनिटे, शेवटचा आटा कोणी द्यायचा या आग्रहात गेली. तो मी त्यांना देऊ दिला.

बायकोने गाडी सुरू केली. मामा माझ्या ओठांकडे पाहत होते. मी अठराशे ऐकले, दोन हजार ऐकले, बावीसशे ऐकले, परत खाली आणायला लावून पुन्हा ऐकले. बारा मिनिटे.

"नाही," मी म्हणालो. "गेला."

"लेहा," ते म्हणाले. मी लिहिले.

गाडी बंद केली तेव्हा सात वाजत आले होते. ऊन उतरले होते, अंगणात मामींनी सडा टाकला होता. आम्हाला निघायचे होते, पण मामा गाडीच्या अगदी जवळ बाज ओढून बसले होते आणि मला शेजारी बसायची खूण करत होते.

"एक सांगा," ते म्हणाले. "गाडी बंद केली की नळी थंड होते, पत्रा थंड होते. थंड होता होता तो टकटक करते. लय बारीक. आता करून राह्यला का?"

मी कान दिला. करत होता. आठ वर्षे मी ही गाडी बंद करून तिच्यापासून दूर चालत गेलो आहे आणि हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"हो," मी म्हणालो. "टक."

"किती सेकंदाले?"

मी घड्याळ काढले. तीन. मग मी प्रत्येक वेळी नुसते "टक" म्हणू लागलो आणि ते प्रत्येक वेळी बाजेच्या लाकडावर बोट टेकू लागले. तीन, चार, चार, सात. मामी आणि बायको बोलत बोलत पायरीवर येऊन बसल्या आणि बोलायच्या थांबल्या. अकरा. अठरा. मामांचे डोळे मिटलेले होते. सत्तावीस सेकंदांनी एक आला, मी सांगितला, बोट टेकले. मग एकेचाळीस. मग बराच वेळ काही आले नाही. मिनिट झाले, दीड झाले.

"मामा, थांबला वाटते."

त्यांचे बोट लाकडाच्या वर तसेच उचललेले होते.

"थांबा जरासेक," ते म्हणाले. "एखांदा उशिरा येते."

मी घड्याळ खिशात ठेवले आणि ऐकत बसलो.